मोगऱ्याच्या आजारपणाच्या नोंदी

लॅबमधल्या सवयीने मी घरातही वही ठेवते. मोगरा हा आमचा ॲक्सोलॉटल, म्हणजे मूळचा मेक्सिकोतला, जन्मभर पाण्यातच राहणारा उभयचर. वय साधारण अडीच वर्षं, लांबी २१ सेंमी, रंग दुधी-गुलाबी, डोळे काळे, डोक्यामागे दोन्ही बाजूंना तीन-तीन लाल कल्ले, पिसांसारखे बाहेर आलेले. घर पुण्यात, चौथा मजला, डोक्यावर गच्ची. टाकी तीन फुटी, पाणी १२० लिटर, तळाला खडी किंवा वाळू काही नाही, हवेच्या पंपावर चालणारे दोन स्पंज फिल्टर. एप्रिल-मे २०२५ मध्ये रोज लिहिलेलं इथे उतरवते आहे. शुद्धलेखन तेवढं नीट केलं आहे.

१६ एप्रिल, रात्री ११

मोगरा सलग तिसऱ्या दिवशी उपाशी. चिमट्यात गांडुळाचा तुकडा धरून नाकासमोर हलवला की एरवी डोळ्याचं पातं लवायच्या आत गिळतो. आज मान फिरवली आणि कोपऱ्यात जाऊन बसला. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलेलं. कल्ले पुढे झुकलेले आणि फिके. त्यांचा रंग जास्वंदीचा असतो, आज ओल्या कागदासारखा दिसतोय.

पाणी २७.१ अंश. त्याला १६ ते १८ मानवतं, २२च्या वर गेलं की त्रास सुरू होतो, हे मला पाठ आहे. तरी टाकीवरचा पंखा अजून माळ्यावरच होता. साताऱ्याच्या लग्नाच्या गडबडीत राहून गेलं. ही माझी चूक.

चाचणी (आकडे दर लिटरला मिलीग्रॅममध्ये): अमोनिया १, नायट्राइट ०.५, नायट्रेट १०, पीएच ८. अमोनिया शून्य असला की नळी पिकल्या लिंबासारखी पिवळी दिसते. आज कोथिंबिरीच्या देठासारखी हिरवी. दोन वर्षांत ही नळी कधी हिरवी झाली नव्हती, म्हणून चाचणी पुन्हा केली. तेच.

अर्धं पाणी बदलून झोपते आहे. पंखा काढला, लावला.

१७ एप्रिल

कारण सापडलं. दोन्ही स्पंज नव्यासारखे स्वच्छ. आम्ही साताऱ्याला असताना आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ते नळाखाली धुऊन, पिळून, उन्हात वाळवून परत बसवले होते. "इतका गाळ साचलेला, त्या बिचाऱ्याला श्वास कसा यायचा?" त्यांनी मनापासून केलं होतं. स्पंज का धुवायचे नसतात, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

तो तपकिरी गाळ म्हणजे जिवाणूंची वसाहत. मोगऱ्याच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं. तिसरं बरंच सौम्य, पाणी बदलून काढता येतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि एप्रिलचं ऊन, दोन्हींनी ती वसाहत संपली. पाच दिवस मोगरा स्वतःच्याच अमोनियात बसून होता.

उन्हाळ्याने त्यात भर घातली. पीएच ८ असताना २० अंशांना एकूण अमोनियापैकी सुमारे ४ टक्के विषारी रूपात असतो, २७ अंशांना ६ टक्के. वर गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. म्हणजे श्वासाची गरज वाढलेली, हवा कमी आणि कल्ले भाजलेले.

ठरवलं: मोगऱ्याला टाकीतून काढायचं. १२ लिटरचा पांढरा टब, रोज संपूर्ण ताजं, थंड, क्लोरीन काढलेलं पाणी. टबात फिल्टर लागत नाही, पाणीच बदलत राहायचं.

आणि आज गुरुवार. दुरुस्तीसाठी पाणी बंद. नळ कोरडा.

स्वयंपाकघरातल्या पिंपात वीस लिटर होतं, पण ते २८ अंश. आई काही न बोलता माठ घेऊन आल्या. "यातलं घाल. कालपासून भरलंय." थर्मामीटर घातला तर २१.४! मी दोनदा बघितलं. क्लोरीन काढायचे थेंब टाकले, पंधरा मिनिटं थांबले, मोगऱ्याला छोट्या डब्यात पाण्यासकट उचलून टबात सोडलं. जाळीने उचलायचं टाळते, कल्ल्यांचे तंतू जाळीत अडकतात.

१८ एप्रिल

गुड फ्रायडेची सुट्टी, लॅब बंद, म्हणून सकाळीच डॉक्टरांकडे. असे प्राणी बघणारे डॉक्टर शहरात मोजकेच. ओल्या कापडात गुंडाळलेल्या टबातून नेलं, गाडीत एसी. वजन ८८ ग्रॅम. फेब्रुवारीत ९६ होतं.

डॉक्टरांनी पोट चाचपलं, तोंड बघितलं, काच लावून कल्ले बघितले. खडा गिळलेला नाही. तंतू टोकांकडून झडलेत. म्हणाले, "मॅडम, प्राण्याला औषध द्यायच्या आधी पाण्याला द्या. तापमान स्थिर ठेवा. १८ जमत नसेल तर २० चालेल, पण सकाळी १८ आणि दुपारी २४ नको." बर्फाच्या बाटल्या थेट पाण्यात टाकायच्या नाहीत, असं निक्षून सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात मी तेच करत होते. खायला बळजबरी नको, मोठा ॲक्सोलॉटल दोन आठवडे उपाशी राहिला तरी तग धरतो.

१९ एप्रिल

दिवसभर टबाच्या व्यवस्थेत गेला. लॅबमध्ये रसायनं थंड ठेवायला थर्माकोलचे जाड खोके येतात, सोबत जेल पॅक. रिकामे खोके भंगारात जातात, त्यातले दोन सरांना विचारून आणले. टब खोक्यात, टबाच्या बाहेरून चार बाजूंना गोठवलेले जेल पॅक, वर ओलं सुती कापड. पॅक पाण्याला लागत नाहीत, गारवा टबाच्या भिंतीतून हळू उतरतो. चार पॅक खोक्यात, चार फ्रीजरमध्ये, दर सहा तासांनी अदलाबदल.

माठांचं गणितही बसवलं. आता तीन माठ, स्वयंपाकघराच्या खिडकीत वाऱ्यावर. पाणी घातल्यावर दोन तासांत फारसं काही होत नाही, रात्रभर ठेवलं की पहाटे २०.५ मिळतं. दुपारी बाहेर ३९ असताना माठात २३. ही हवा कोरडी असल्याची किमया. माठाच्या अंगातून पाणी झिरपून उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत माठ इतकं गार करत नाही. पहाटेचं पाणी खोक्यात ठेवलं की तासाभरात १८वर येतं.

पहाटे पाचचं पाणी आईंनी आपल्याकडे घेतलं. म्हणाल्या, "मी तशीही उठलेली असते."

२० एप्रिल

डाव्या बाजूच्या मधल्या कल्ल्यावर कापसाचा पुंजका. तांदळाच्या दाण्याएवढा. पाण्यात हलतो.

२१ एप्रिल

पुंजका ओल्या कापसाच्या काडीने अलगद टिपला, तोंड बंद होणाऱ्या नळीत घातला आणि लॅब संपल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. स्लाइडवर टाकीतल्या पाण्याचा एक थेंब, त्यात तो धागा, वर काच. आधी चाळीस पटींच्या भिंगातून बघितलं तर काहीच नाही, नुसता धुरकट ढग. प्रकाश कमी केला तसे तंतू उमटले. जाड, पारदर्शक, फांद्या फुटलेले. आत आडवे पडदे नाहीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग नळी. काही टोकं गदेसारखी फुगलेली, आत दाणेदार माल भरलेला. मी बघत असतानाच एका गदेचं तोंड उघडलं आणि चाळीस-पन्नास ठिपके भिरभिरत बाहेर पडले. मी सहज म्हणून घड्याळ बघितलं. मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

हा सॅप्रोलेग्निया किंवा त्याच्या घरातला. आपण बुरशी म्हणतो, पण खऱ्या बुरशीशी त्याचं जवळचं नातं नाही. त्याच्या भिंतीत सेल्युलोज असतं, शैवालांच्या कुळाशी तो जास्त जवळ. म्हणून माणसाच्या नायट्यावरची मलमं इथे फारशी कामाची नाहीत. तो निरोगी त्वचेवर सहसा बसत नाही. आधी जखम लागते. जखम अमोनियाने केली, हा नंतर आला.

ते पोहणारे ठिपके, म्हणजे त्याचे बीजाणू, बघितल्यावर रोज संपूर्ण पाणी बदलणं किती महत्त्वाचं आहे ते नीट कळलं. प्रत्येक बदलीत ते हजारोंनी वाहून जातात. टबही रोज गरम पाण्याने धुवायचा, सुकवायचा, दुसरा वापरायचा. माझ्या मुलाला, ईशानला, स्लाइडचा फोटो दाखवला. तो दहा वर्षांचा आहे. "म्हणजे हे मोगऱ्याला खातायत?" मी म्हटलं, हो, पण हळू. आपण त्यांच्यापेक्षा वेगाने पाणी बदलू.

२२ एप्रिल

डॉक्टरांना फोटो पाठवले. मिठाची अंघोळ सुरू: एक लिटर थंड पाण्यात १० ग्रॅम मत्स्यालयाचं मीठ, आयोडीन नसलेलं, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, तीनच दिवस. घड्याळ समोर. मीठ बुरशीला मारतं आणि त्वचेवरचा चिकट थरही सोलतं, म्हणून एक मिनिटही जास्त नाही. सहाव्या मिनिटाला त्याने एकदा जोरात शेपूट झटकली. माझा हात आपोआप टबाकडे गेला, पण थांबले.

संध्याकाळी मीठ संपलं म्हणून मत्स्यालयाच्या दुकानात गेले. दुकानदाराने हिरव्या-निळ्या औषधाची बाटली पुढे केली, "मॅडम, दोन थेंब टाका, एका दिवसात साफ." बाटलीवर मॅलाकाइट ग्रीन लिहिलेलं. माशांच्या अंगावर खवले असतात. मोगऱ्याची त्वचा उघडी, ओली, आरपार शोषणारी. पाण्यात जे पडेल ते त्याच्या रक्तात. मॅलाकाइट ग्रीन आणि तांबं असलेली औषधं उभयचरांना घातक ठरू शकतात. फक्त मीठ घेतलं. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता, त्याच्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांच्या घरी मासेच असतात. पण उभयचर पाळणाऱ्याने औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय घरी काहीही आणू नये, एवढं मी इथे ठळक लिहून ठेवते.

२३ एप्रिल

पुंजका अर्ध्यावर. उजवीकडे नवा नाही. टब १७.९, १८.२, १८.४, १८.०.

२४ एप्रिल

वाईट दिवस. सकाळची मिठाची अंघोळ झाल्यावर मोगरा एका कुशीवर कलंडून पडला. बोटाने पाठीला स्पर्श केला तरी हलला नाही. कल्ले मात्र अधूनमधून झटकत होता, म्हणजे श्वास चालू. डॉक्टरांनी फोनवर मीठ ताबडतोब बंद करायला सांगितलं. पाच अंघोळी पुरे.

दुपारी लॅबमधून घरी दोनदा फोन केला. आई दर वेळी सांगत होत्या, "आहे गं, आहे." त्या खोक्यापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, जेवायलाही तिथेच.

रात्री कागदपत्रांची फाइल काढली. ॲक्सोलॉटल साइट्स (CITES), म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानुसार घरी असा प्राणी असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. आम्ही ती केली आहे. त्यात प्राणी दगावला तर कळवायचीही तरतूद आहे. ते पान उघडलं, वाचलं आणि बंद केलं. ईशान शेजारी येऊन उभा राहिला होता, हे मला नंतर कळलं.

२५ एप्रिल

सरळ बसलाय. चारही पाय टबाच्या तळाला टेकलेले. बाकी काही नाही, पण एवढं आहे.

देशी बदामाची पानं सुरू केली. सोसायटीच्या फाटकापाशी झाड आहे. खाली पडलेली, पूर्ण वाळलेली, तांबूस पानं ईशानने वेचली. धुऊन एक पान उकळलं आणि तो काढा गार करून टबात घातला, पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होईल इतका. पानातले टॅनिन बुरशीला अटकाव करतात आणि त्वचेला मिठासारखे झोंबत नाहीत. डॉक्टर म्हणाले, घाला, नुकसान नाही.

२६ एप्रिल

दुपारी दीड ते साडेसहा वीज नाही. इमारतीच्या मागच्या डीपीत बिघाड. फ्रीजर न उघडता ठेवला, खोक्याला बाहेरून दोन गोधड्या गुंडाळल्या. साडेसहाला टब १९.६. पाच तासांत दीड अंश. उघड्या टाकीत हेच पाणी तिशीकडे गेलं असतं.

२७ एप्रिल

रविवार, थोडी उसंत. ईशानने विचारलं, "आई, हा जिथला आहे तिथे उन्हाळा नसतो का?"

त्याला नकाशा काढून दाखवला. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्को. समुद्रसपाटीपासून २२४० मीटरवर. आपलं महाबळेश्वर साधारण १३५० मीटर, म्हणजे त्याहूनही नऊशे मीटर उंच. जुन्या मोठ्या तळ्याचे उरलेले कालवे आणि मध्ये चिनांपा, म्हणजे चिखल आणि गवताचे थर रचून उथळ पाण्यात केलेली शेतं. तिथल्या झऱ्यांचं गार पाणी या कालव्यांत यायचं. विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ, तरी उंचीमुळे पाणी वर्षभर थंड. ॲक्सोलॉटल जन्मभर पाण्यातच राहतो, कल्ले टाकून जमिनीवर येत नाही. मोठा होतो, अंडी घालतो, पण अंगाने पिल्लूच राहतो.

मग दुसरी गोष्ट सांगितली, ती सांगताना मलाच जड गेलं. १९९८ साली सोचिमिल्कोत एका चौरस किलोमीटरला सुमारे ६००० ॲक्सोलॉटल मोजले होते. २००८ साली १००. २०१४ साली ३६. शहराचं सांडपाणी, आणि खाण्यासाठी सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे, जे त्यांची अंडी आणि पिल्लं खातात. तिथले शास्त्रज्ञ आता शेतकऱ्यांना सोबत घेऊन चिनांपांच्या कडेचे छोटे कालवे गाळून, मासे आत येणार नाहीत असे करून त्यांच्यासाठी राखतात.

"मग मोगरा तिथून चोरून आणलाय?" नाही. १८६४ साली मेक्सिकोतून ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला नेले होते. त्यातले सहा ऑग्युस्त द्युमेरिल नावाच्या प्राणीशास्त्रज्ञाला मिळाले, पाच नर, एक मादी. जगभरच्या प्रयोगशाळांत आणि घरांत असलेले बहुतेक ॲक्सोलॉटल त्या वंशातले. त्या सहांतला एक नर पांढरा होता. मोगऱ्याचा दुधी रंग तिथून आलेला. ईशान बराच वेळ टबाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे दीडशे वर्षं याच्या घरातलं कुणीच घरी गेलं नाही."

मला उत्तर सुचलं नाही. त्याला पानं वेचायला पाठवलं.

२८ एप्रिल

बारा दिवसांनी विष्ठा. काळपट, आखूड, घट्ट. या घरात विष्ठेची इतकी आनंदाने वाट कुणी पाहिली नसेल. वजन ८३. पुंजका पूर्ण गेला. मधल्या कल्ल्याचा दांडा उरलाय, तंतू नाहीत.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. दुपारी आमरस. जेवण झाल्यावर चिमट्यात गोठवलेल्या ब्लडवर्मचा (पाण्यातल्या बारीक लाल अळ्यांचा) वितळवलेला तुकडा धरून टबात सोडला, रोज सोडते तसा. मोगरा दोन मिनिटं निश्चल. मी चिमटा मागे घेणार तेवढ्यात त्याने डोकं एक बोटभर वळवलं आणि फट्‌ असा बारीक आवाज आला. तोंड उघडून पाणी आत ओढण्याचा तो आवाज. तुकडा गेला.

आई जागच्या उठून देवाजवळ गेल्या. मी आणखी दिला नाही. पोट इतके दिवस रिकामं, एकदम नको.

३ मे

आता टाकीकडे. तिच्यात जिवाणू पुन्हा वसवायचे आहेत. लॅबमधल्या मैत्रिणीच्या घरी पाच वर्षं जुनी, निरोगी माशांची टाकी आहे. तिच्या फिल्टरचा स्पंज आणून आमच्या टाकीतल्या पाण्यात पिळला. पाणी लगेच गढूळ तपकिरी झालं. दोन्ही स्पंज त्यातच सोडले, पंप चालू.

जिवाणूंना खायला अमोनिया हवा आणि मोगरा तर टबात. म्हणून अमोनियम क्लोराइड मोजून घालते, २ मिलीग्रॅम होईपर्यंत. नियम असा: घातलेले २ मिलीग्रॅम चोवीस तासांत शून्य झाले पाहिजेत आणि नायट्राइटही शून्य, तेही सलग काही दिवस. तोवर मोगरा टाकीत जाणार नाही, मग कितीही आठवडे लागोत.

टाकी २९ अंशांवर आहे आणि तशीच राहू देते आहे. जी उष्णता मोगऱ्याला नको, ती या जिवाणूंना हवी. १८ अंशांत ते फार सावकाश वाढतात. म्हणून पंखा बंद, पंप जोरात, मे महिन्याला त्याचं काम करू द्यायचं.

८ मे

खाण्याचा प्रश्न. ब्लडवर्मने पोट भरत नाही, गांडूळच हवं. सोसायटीच्या गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल, बारीक, पट्ट्यापट्ट्यांची गांडुळं दिली तर तोंडात घेऊन थुंकतो. त्यांना डिवचलं की पिवळा कडू द्रव सोडतात. उकळत्या पाण्यात तीन सेकंद बुडवून, गार पाण्यात धुऊन, तुकडे करून दिली तेव्हा एक गिळलं, दुसरं थुंकलं. आजारातून उठलेल्याला कडू का खायला घालायचं? शेवटी एका रोपवाटिकेतून मोठी जांभळट आफ्रिकन गांडुळं मिळाली, तीही खतासाठीच पाळतात. ती विनातक्रार खाल्ली. एक दिवसाआड एक.

अमोनिया २, चोवीस तासांनी १. नायट्राइट ५च्या वर, नळी गडद जांभळी. बरोबर चाललंय.

१२ मे

डाव्या मधल्या कल्ल्याच्या दांड्यावर भिंगातून बघितलं तर कडेने बारीक दातेरी उंचवटे. करवतीच्या पात्यासारखे, अर्धा मिलिमीटरही नसतील. प्रत्येकाच्या मध्यात एक लाल रेघ, म्हणजे रक्तवाहिनी पोचली. तुटलेला पाय नव्याने उगवणारा हा प्राणी, कल्ले वाढवेल हे वाचून माहीत होतं. पण ती लाल रेघ बघताना माझ्या हातातलं भिंग थरथरत होतं.

वजन ८६.

१७ मे

जुना, वापरलेला चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र, घेतला. तो बाहेरच्या गॅलरीत ठेवला आणि नळ्या भिंतीतून आत आणल्या. आत ठेवला तर चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीतच सोडतो, मग खोली तापते आणि चिलर आणखी धापा टाकतो. गॅलरीवर बांबूची चटई, ऊन थेट पडायला नको. पैसे बरेच गेले. मागच्या वर्षीच घ्यायला हवा होता. पुणे-नागपूरकडे कुणी ॲक्सोलॉटल आणायचा विचार करत असेल, तर त्याने प्राण्याच्या आधी चिलरचे पैसे बाजूला काढावेत. माठ आणि जेल पॅकवर महिना निघतो, पण घरात एक माणूस चोवीस तास लागतं. आमच्याकडे आई होत्या.

२१ मे

काल संध्याकाळपासून धो धो पाऊस. मेमध्ये! अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पहिल्यांदाच. उद्या पुन्हा २ घालून बघणार.

२४ मे

सलग तीन दिवस शून्य-शून्य. काल ८० टक्के पाणी बदलून साचलेलं नायट्रेट काढलं. रात्रभर चिलर लावून टाकी हळूहळू १८.५वर आणली. थंडीत जिवाणू मंदावतील, म्हणून पहिले दोन आठवडे रोज चाचणी आणि खाणं बेताचंच.

सकाळी अकराला मोगरा टाकीत. टब बाजूने तिरका धरून पाण्याखाली नेला, तो स्वतः चालत बाहेर आला. तळावरून पूर्ण एक फेरी मारली, मातीच्या नळीत शिरला, तोंड बाहेर ठेवून बसला. शेपटीचं टोक सरळ.

२७ मे

काल मान्सून पुण्यात दाखल झाल्याचं जाहीर झालं. खोलीत २५, चिलर दिवसातून चारदाच चालू होतोय.

पावसाने सोसायटीच्या मागच्या मातीतून गांडुळं वर आली आहेत, जाड, मातकट. तिथे कधी फवारणी होत नाही, माळ्याकडून खात्री करून घेतली. ईशानने वाटीत तीन आणली. धुऊन, स्वच्छ ओल्या कागदावर रात्रभर ठेवून, आज दिली. मोगऱ्याने पहिलं चिमट्यातून ओढून घेतलं. वजन ९२. मधल्या कल्ल्याला आता पिसासारखी झालर, बाकीच्यांपेक्षा आखूड, पण लाल.

एका स्पंजमधून हवा कमी येत होती. तो आज आईंनी साफ केला. टाकीतलंच पाणी बादलीत काढलं, त्यात स्पंज तीनदा हलकेच दाबला आणि लगेच जागेवर बसवला. दुसऱ्याला हात लावला नाही. बादलीतलं पाणी चहासारखं तपकिरी झालं होतं. ते त्यांनी गॅलरीतल्या गुलबक्षीला घातलं.